रादिदोंच्या नाकावरची माशी

मंत्री रादिदोंच्या नाकावर मी व्यंगचित्रात काढलेली पहिली माशी म्हणजे खरं तर शाईचा डाग होता. अंक छापायला जायला दहा मिनिटं उरली होती आणि ब्रश ठिबकला. मी डागाला पंख लावले. पुढची नऊ वर्षं त्या माशीशिवाय आमच्या किसुमू शहरात रादिदोंना कुणी ओळखेना. खोटं वाटत असेल तर मासळीबाजारात विचारा. बायका टोपलीवर फडकं टाकताना म्हणतात, रादिदो बसेल.

एका सकाळी त्यांनी मला सरोवराकाठच्या बंगल्यावर बोलावलं. आकोथनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला एकावर एक दोन स्वेटर चढवले. कोठडीत गारठा असतो, असं तिनं ऐकलं होतं.

मी घामानं निथळत उभा. पहारेकऱ्यानं वडीलधाऱ्याला हाक मारावी तसं विचारलं, "जादुओंग, ताप आहे का अंगात?" मी हो म्हणालो.

रादिदोंनी मला चहा दिला. मग कोरा कागद आणि शाई पुढे सरकवली.

"काढ मला. इथंच, माशीशिवाय. उद्या पहिल्या पानावर हेच चित्र पाहिजे. त्यात माशी दिसली ना ओबुरा, तर तुझा उजवा हात माझा."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की माझा हात आपला आपणच खिशाकडे निघाला.

मी चित्र काढलं. नाक इतकं स्वच्छ उतरलं की ते कुणाचं, हे मलाच कळेना. शाई ओली होती, तेवढ्यात सरोवरावरून माश्यांचा काळा लोट उठला. अमावास्येच्या सुमाराला उठतो तसाच, पण त्या दिवशी खिडकी लागेपर्यंत अर्धं सरोवर आत आलं. भिंती काळ्या झाल्या, चहा खिरीसारखा दाट झाला. रादिदोंनी हुकूम द्यायला तोंड उघडलं आणि मूठभर माश्या गिळल्या. पुन्हा उघडलं, पुन्हा गिळल्या. शेवटी नुसता हुंकार आला. पहारेकऱ्यानं त्याचा अर्थ 'जा' असा लावला आणि माझ्याआधी तोच पळाला. मी कागद ताटासारखा आडवा धरून त्याच्यामागे.

कचेरीत पोचेपर्यंत बाकीच्या माश्या वाऱ्यानं उडाल्या होत्या. एकच उरली होती, नेमकी नाकावर, शाईत रुतलेली. ब्लेडनं खरवडली असती तर निघाली असती. ब्लेड हातात घेतलंही.

तेवढ्यात संपादकांनी पलीकडच्या टेबलावरून, मान वर न करता विचारलं, "माशी आहे ना?"

मी ब्लेड खाली ठेवलं. "आहे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दोन्ही स्वेटर घालून, उजवा हात मांडीखाली दाबून मी दारात बसलो. गाडी आली नाही. याला आता अकरा वर्षं झाली. रादिदोंचं मंत्रिपदही गेलं. आकोथ म्हणते, आता तरी काढा ते स्वेटर. पण रस्त्यावर गाडी थांबली की हात अजून मांडीखाली जातो. म्हणून या कागदावर मधूनमधून डाव्या हाताचं अक्षर दिसेल.