ताईंचा फोन आला नाही

सकाळी अकरा वाजता पंतप्रधानांनी सभागृहात विश्वासदर्शक ठराव मांडला. त्या वेळी त्यांची थोरली बहीण, म्हणजे अख्ख्या पक्षाची ताई, आपल्या घराच्या गच्चीवर उशांना ऊन दाखवत होती.

एरवी मतदानाच्या दिवशी ताईंना मान वर करायला फुरसत नसे. पक्षाच्या एकूण एक खासदाराला त्या सकाळी स्वतः फोन करत आणि मतदानाबद्दल चकार शब्द काढत नसत. आईचं पथ्य, लेकीचं बाळंतपण, सुनेची कुरकुर, सगळं विचारून झालं की म्हणत, "आज वेळेवर पोचा हं." पक्षादेशाचा छापील कागद प्रत्येकाला मिळायचाच, पण तो जगाला दाखवायला असतो, असं सगळे धरून चालत. दोनदा साहेबांना, म्हणजे पंतप्रधानांना, स्वतःचंच विधेयक पडायला हवं होतं. दोन्ही वेळा कागद गेले, ताईंचा फोन गेला नाही. लोक घरी बसले आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. तेव्हापासून पक्षात पक्कं झालं होतं: फोन नाही, म्हणजे साहेबांची इच्छा नाही.

"फोनचं बघतेस ना?" काल संध्याकाळी साहेबांनी विचारलं होतं.

"निर्धास्त राहा. मी आहे ना," ताई म्हणाल्या होत्या.

हेच शब्द साहेबांनी एकदा ताईंच्या नवऱ्याला ऐकवले होते.

आई गेल्यावर या भावाला ताईंनी वाढवलं. शिवणयंत्रावर त्याची फी निघाली, पहिल्या निवडणुकीची पत्रकंही निघाली. तेव्हा त्याचं डिपॉझिट गेलं. पुढच्या खेपेला तो निवडून आला आणि मग बांधकाममंत्री झाला. ताईंचे यजमान पक्षाचे खजिनदार. नवाकोरा पूल पहिल्याच पुरात वाहून गेला, तेव्हा ठेकेदाराच्या देणगीवर सही निघाली ती यजमानांची. देणगी मागून आणायला सांगणारे होते साहेब. "भावोजी, थोडे दिवस आत काढा, मी आहे ना," असं म्हणून त्यांनी पाठ थोपटली आणि त्याच आठवड्यात भर सभेत गरजले, "माझ्या घरातला चोरही मला चोरच!" मैदान टाळ्यांनी दणाणलं. त्या वाक्यावर साहेब पंतप्रधान झाले. भावोजी तुरुंगाच्या दवाखान्यातच वारले.

ताईंनी ब्र काढला नाही. फोन करत राहिल्या. साध्यासुध्या मतदानावर त्यांचं भागणार नव्हतं; सरकारच पडेल असं मतदान हवं होतं.

गच्चीवरून त्या खाली आल्या तेव्हा फोन वाजत होता. पक्षातले सर्वांत जुने खासदार. त्यांना सगळे पैलवान म्हणत.

"ताई, सकाळपासून फोन कुशीत घेऊन बसलोय. बायको विचारतेय, कोण ती?"

"गुडघा काय म्हणतो तुमचा?"

"गुडघा पळायला तयार आहे. आज काही निरोप?"

इतका वेळ ताईंनी नुसते फोन टाळले होते. आता बोलणं भाग होतं.

"निरोप असता तर दिला नसता का? आराम करा."

"समजलो!" पैलवान खुलले. "म्हणजे साहेबांना निवडणुका हव्यात. मी हिला कधीचं सांगतोय. बाकीचेही मलाच विचारून भंडावताहेत, त्यांना कळवतो."

"कळवा की."

बाराच्या सुमाराला साहेबांचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"ताई, आपली बाकं ओस पडलीत. फोन केलेस ना?"

"नाही."

"एकालाही?"

"एकालाही नाही."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "अगं, वेड लागलं का तुला? मी संपेन!"

"ते गेले त्या दिवशी मी तुला फोनवर फोन लावत होते. साहेब भाषणाची तयारी करताहेत, असं सांगितलं तुझ्या माणसाने."

"ही ती वेळ आहे का, ताई? हे बघ, अध्यक्षांकडून मी चारपर्यंत वेळ मागून घेतो. सगळे हाकेच्या अंतरावर राहतात; मी बोलावलं तर तेही कागदासारखं दाखवायचंच समजतात, तुझा फोन गेला की धावत येतील. तुझ्या पाया पडतो. हवं तर भावोजी निर्दोष होते असं सभागृहात सांगतो."

एवढी एकच गोष्ट ताईंना भावाकडून हवी होती. आणि निर्दोष म्हटलं की मग दोषी कोण, हे विरोधक पुढच्याच क्षणी विचारणार, हेही त्यांना कळत होतं.

"आधी सांग," त्या म्हणाल्या. "मग बघू."

"आणि सांगून तू फोन केलेच नाहीस तर?"

"तुझ्या भावोजींनीही तुझ्यावर विश्वासच ठेवला होता."

अध्यक्षांनी मतदान चार वाजेपर्यंत पुढे ढकललं. तीन वाजता पंतप्रधान उत्तराला उभे राहिले. ताई रेडिओजवळ खुर्ची ओढून बसल्या. रस्ते झाले, शाळा झाल्या, धरणं झाली. मग साहेबांनी पाणी मागितलं आणि ते पुलांकडे वळले.

साडेतीनला भाषण चालू होतं. भावोजींचं नाव अजून आलेलं नव्हतं. ताईंनी एकही फोन लावलेला नव्हता.