दुसरी किल्ली

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी किल्ली आहे. जुनी असले तरी झिजलेली नाही, कारण मी घराची दुसरी किल्ली. किल्लीवाल्याने कानशीने घासून मला घडवले, कुलपात एकदा फिरवून पाहिले आणि म्हणाला, "काय सुरेख फिरते!" माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

माझी मालकीण शिवणकाम करते. सगळे तिला काकू म्हणतात. नवरा वारला, मुलगा दूर देशी स्थायिक झाला, तेव्हा काकू मला घेऊन समोरच्या घरी गेल्या. तिथे एक तरुण नर्स नुकतीच एकटी राहायला आली होती.

"ही तुझ्याकडे असू दे गं. उद्या मी पडलेबिडले तर दार तरी उघडता येईल."

"ठेवते, काकू."

"आणि तुझी?"

"माझी कशाला? मी चांगली धडधाकट आहे!"

तिने मला खिळ्याला अडकवले आणि ती विसरून गेली. माझ्यावर धूळ साचली.

एकदा तीच तापाने फणफणली. पाणी घ्यायला उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात कोसळली. बाहेर काकू दार बडवत होत्या. "अगं, कालपासून दिसली नाहीस! दार उघड!" तिच्या तोंडून शब्द फुटेना. किल्ली असून मी नुसती लटकत राहिले. त्या दाराची दुसरी किल्ली कुणाकडेच नव्हती.

काकूंनी खालच्या मजल्यावरच्या सुताराला हाक मारली. बायकोपासून वेगळा झाल्यापासून तोही एकटाच. त्याने पटाशी घालून कुलूप उचकटले. काकूंनी धावत जाऊन तिचे डोके मांडीवर घेतले. नंतर दोघांनी तिला इस्पितळात पोहोचवले.

ती बरी होऊन आली, तेव्हा सुताराने नवे कुलूप बसवले. तिने त्या कुलपाची एक किल्ली काकूंच्या हातात ठेवली. सुतार जरा घुटमळला. मग खिशात हात घालून म्हणाला, "माझी पण ठेवा, काकू. घरात चोरण्यासारखं काही नाही. मीच काय तो आहे."

"मग तुलाच सांभाळायला हवं," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, एकटे राहण्यात वाईट काही नाही. कुणी विशीत राहते, कुणी चाळिशीत, कुणी सत्तरीत. फक्त संकोच सोडा आणि शेजारच्या एकट्या माणसाला एवढे विचारा, "तुमची दुसरी किल्ली कुणाकडे असते?"