कोळशातून पैसा काढा

खाणीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखत होती. माणसांनी भरलेला पिंजरा जमिनीच्या पोटातून वर आणायचा आणि रिकामा परत खाली सोडायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. माणूस रागीट, पण राग दुधासारखा, भसकन वर येणारा आणि फुंकर घातली की खाली बसणारा. या वेळी मात्र तो महिनाभर उतरला नव्हता, कारण फुंकर घालणारी लेकच रागाचं कारण होती.

लेकीचं लाडाचं नाव चिमणी. ही चिमणी कॉलेजात जाऊन धुराच्या चिमण्यांवरच उठली होती. कॉलेजचा मोठा निधी कोळशाच्या आणि तेलाच्या कंपन्यांत गुंतवलेला होता. तो तिथून काढून घ्यावा म्हणून तिने मुलांची फौज उभी केली होती. एकदा जेवताना ती बोलून गेली, “कोळशाचा पैसा म्हणजे घाणेरडा पैसा.” लिफ्टवाल्यांचा घास हातातच राहिला. “त्याच घाणीत तू लहानाची मोठी झालीस,” एवढं म्हणून ते ताटावरून उठले. तेव्हापासून अबोला. “तिला सांग, पंखा बंद कर.” “त्यांना सांग, मी वाचतेय.” आई बिचारी दोघांमधली पोस्टमन होऊन बसली होती.

एका दुपारी ते बाहेरून आले, तर पुढच्या खोलीत लांबलचक कापड वाळत पडलेलं. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांची सभा होती आणि मुलांना बोलायला पाच मिनिटं मिळाली होती. गेल्या वर्षी त्यांना दारातूनच हसत परत पाठवलं होतं. चिमणीचं हे शेवटचं वर्ष, आताही हसं झालं तर पुन्हा संधी नव्हती. कापडावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं: ‘कोळशातून पैसा काढा!’

लिफ्टवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अगं, बाहेर ये! बघ पोरीनं काय लिहिलंय. कोळशातून पैसा काढा! आली की नाही ताळ्यावर? शेवटी लेक कुणाची?”

उत्तराची वाट न बघता त्यांनी दाभण आणि जाड दोरा काढला. कापड धरायला सोपं जावं म्हणून कडेला दोरीचे फासे शिवायला बसले. बायको हात पुसत आली तोवर दोन कोपरे झालेसुद्धा. तिने कापड वाचलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि हसता हसता मटकन खाली बसली.

“अहो, काढा म्हणजे काढून घ्या! तुम्ही कमवा म्हणून वाचलंत.”

दाभण बोटात घुसलं. आनंद तर गेलाच, वर फजिती. “मग राहू दे तसंच,” ते गुरकावले. “हसू दे उद्या सगळ्यांना.”

ती हसतच आत गेली. पण लिफ्टवाल्यांना चैन पडेना. आपण वाचलं तसंच विश्वस्तांचा अध्यक्षही वाचणार. ‘तेच तर करतोय आम्ही,’ म्हणणार, आणि बाकीचे फिदीफिदी हसणार. त्या हशात उभी असलेली पोर त्यांना दिसायला लागली.

खाणीत एका फिटरशी त्यांचं असं वाजलं होतं, की दोघं एकमेकांचं तोंड पाहत नसत. पण पाळी सुटली की तोच फिटर खाली पिंजऱ्यात उभा असे आणि हेच त्याला वर आणत, इतरांइतक्याच जपून, जराही धक्का न लावता. भांडण वर करायचं, पिंजऱ्यात नाही, हा तिथला रिवाज. बाहेर काढल्यावर हवं तर पुन्हा तोंड फिरवायचं.

चिमणी आली तेव्हा ते कापडापाशीच बसले होते.

“ए, इकडे ये. वाच हे मोठ्यानं.”

बाबा थेट आपल्याशी बोलले म्हणून ती आधी गांगरलीच. तिने वाचलं.

“मी काय समजलो, सांगू? कोळशातून पैसा कमवा.”

तिने पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. “अरे देवा! इतक्या जणांनी पाहिलं, एकालाही कळलं नाही!” मग तिची नजर कोपऱ्यांकडे गेली. “हे फासे कुणी शिवले?”

“मीच.”

“का?”

“मला वाटलं, तू माझ्या बाजूला आलीस.”

चिमणी खालीच बसली. डोळे भरून आले. “बाबा, मी घाणेरडा म्हणायला नको होतं.”

“नकोच होतं,” ते म्हणाले. लेकीचं रडू त्यांना कधीच सोसत नसे. “आता रडून कापड भिजवू नकोस. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही, पण लिहायचं तर सरळ लिही. ‘काढा’च्या आधी ‘बाहेर’ घाल. पैसा बाहेर काढा. मग कुणी चुकीचं वाचणार नाही.”

तिने ब्रश त्यांच्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दाराशी कापडाचं एक टोक धरून लिफ्टवाले उभे होते. अध्यक्ष थांबले. त्यांनी कापड वाचलं, मग टोक धरणाऱ्याकडे पाहिलं.

“आपण?”

“हिचा बाप. खाणीत होतो.”

“खाणीत? आणि हे धरून उभे आहात?” अध्यक्षांना हसू फुटलं. “तुम्हाला तरी पटतं का हे?”

मागचे विश्वस्तही थांबले. चिमणीने हातातल्या कागदांवरून नजर उचलून बाबांकडे पाहिलं. बाबा खोटं बोलत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“नाही,” लिफ्टवाले म्हणाले. “अजून नाही पटलं.”

कुणीतरी खुदकन हसलं.

“पण मी अजून हिचं पूर्ण ऐकलेलंच नाही, साहेब. महिनाभर घरात तोंड फुगवून बसलो होतो. आज ऐकायला आलोय. तुम्हीही ऐका.”

अध्यक्षांचं हसू ओसरलं. त्यांनी दार उघडून धरलं आणि आधी मुलांना आत जाऊ दिलं. लिफ्टवाले मागच्या खुर्चीवर बसले. चिमणी बोलायला उभी राहिली, तिने विश्वस्तांकडे एकदा पाहिलं आणि पहिलं वाक्य मागच्या खुर्चीकडे बघून म्हटलं.