तिसऱ्या ओळीपाशी

अल्बममध्ये आठ गाणी होती आणि आठही खरेपणाबद्दल होती. दांभिक माणसांची त्याला मनस्वी चीड होती. कॉलेजात असताना ती त्याने आधी सभांतून, मग भिंतींवरून आणि शेवटी गाण्यांतून बोलून दाखवली होती, आणि त्याच्या ज्या ओळी पोरं वह्यांच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवत, त्या सगळ्या तोंडावर एक आणि मनात एक असणाऱ्यांना फाडून काढणाऱ्या होत्या. म्हणूनच शेवटच्या गाण्याचं त्याने जे केलं ते साथीदारांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

शेवटचं गाणं घराचं होतं आणि त्यात व्हायोलिन ताईचं होतं. ताई त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं तिनेच केलं, असं ती हसत सांगे. संध्याकाळी त्याची बोटं धरून सूर कुठे असतो ते दाखवणारीही तीच. रुसला की गाल फुगवायचा म्हणून ती त्याला फुग्या म्हणे, आणि त्या नावाने हाक मारणारं तिच्याशिवाय आता जगात कुणी उरलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ती आजारी पडली आणि उजव्या हातातलं बळ गेलं. गज धरता येई, सूरही लागे, पण हात ऐन वेळी विचारात पडल्यासारखा अडे. तरी त्यानेच हट्ट धरला होता, ‘ताईशिवाय अल्बम नाही.’ चार माणसांत म्हणाला होता आणि चौघांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये जाड काच. आतल्या खोलीत एक स्टूल, माइक आणि हेडफोन. बाहेरच्या खोलीत यंत्रं आणि रेकॉर्डिंग करणारे काका. आतल्या माणसाशी बोलायचं तर टेबलावरचं एक बटण दाबून धरावं लागे, म्हणजे शेजारचा लाल दिवा लागे. ते बटण कधीकधी दाबलेलंच अडकून राहायचं. “हे आणि आमचं लग्न एकाच वर्षीचं,” काका म्हणत. “दोन्ही अधूनमधून अडतात, पण बदलायचं कोण?”

ताईने दोन दिवसांत अकरा वेळा वाजवलं. अकराही वेळा ती सुरुवातीला पायाचा अंगठा जमिनीवर दोनदा टेकवायची, आणि अकराही वेळा तिसऱ्या ओळीपाशी, परक्या दारात माणूस घुटमळतं तशी, किंचित उशिरा आत यायची. मग डाव्या हाताने उजवं मनगट चोळत, चूक करताना पकडल्या गेलेल्या मुलीसारखी काचेकडे बघून विचारायची, “अजून एकदा वाजवू का?” आणि तो बटण दाबून म्हणायचा, “नको गं, फर्स्ट क्लास झालंय.”

ती घरी गेल्यावर त्याने काकांना ते अकराही टेक पुसायला सांगितले.

“एखादा राहू दे की,” काका म्हणाले. “आठवण म्हणून.”

“नको. राहिला तर ऐकला जाईल.”

ताईच्या जागी वाजवायला त्याने बोलावलेली पाहुणी दुसऱ्या गावच्या वाद्यवृंदातली होती. ताईच्याच वयाची, नीटनेटकी, बोलायला कमी. कव्हरवर व्हायोलिनपुढे तिचं नाव येणार नाही, आभारांत येईल, हे त्याने फोनवर चाचरत सांगितलं तेव्हा तिने कारणही विचारलं नव्हतं. ताईशी तिची ओळख नव्हती, ताईचं वाजवणं तिने कधी ऐकलेलं नव्हतं, आणि आता ऐकायला ते कुठे शिल्लकही नव्हतं. तिच्याकडे होतं ते फक्त कागदावरचं स्वरलेखन.

“सोपं आहे,” कागद बघून ती म्हणाली. “अर्ध्या तासात मोकळे होऊ.”

पहिल्याच वेळी तिने ते इस्त्रीच्या चादरीसारखं स्वच्छ वाजवलं. काकांनी अंगठा वर केला. असावा म्हणून आणखी एक घेतला, तोही तसाच. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि उतरलं म्हणूनच बहुधा त्याला हाव सुटली. बटण दाबून तो म्हणाला, “मॅडम, आता जरा जीव ओतून. घरचं गाणं आहे.”

काचेपलीकडे तिने मान हलवली, गज उचलला, आणि पायाचा अंगठा जमिनीवर दोनदा टेकवला.

असं पुष्कळ वादक करतात, तो स्वतःला म्हणाला. पण तिसऱ्या ओळीपाशी ती किंचित उशिरा आली. चुकून नव्हे, घुटमळून. पुढचा सूर तसाच थोडा ओला, थोडा थकलेला, इतका ओळखीचा, की त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वाजवून झाल्यावर पाहुणी डाव्या हाताने उजवं मनगट चोळू लागली.

“काय काका, ही तर ताईच वाजवतेय,” तो म्हणाला. हसायला गेला आणि हसू आलं नाही. मग जे दोन दिवस गिळलं होतं ते एकदम बाहेर पडलं. “हाच, हाच रडका सूर. ऐकताना लाज वाटायची मला. आजारी माणसाला कीव म्हणून बसवायचं आणि वर कौतुकही आपणच करायचं. किती दिवस करायचं हे?”

काका टेबलाकडे बघत होते. लाल दिवा चालूच होता.

काचेपलीकडची बाई त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही. ज्याने कधी मारलं नाही अशाने हात उगारल्यावर माणूस बघतं, तशी. मग स्पीकरमधून तिचा आवाज आला, अगदी हलका.

“अजून एकदा वाजवू का, फुग्या?”

“फुग्या कोण?” काकांनी विचारलं.

तिने चौथ्यांदा वाजवलं. तिसऱ्या ओळीपाशी ती थांबली, आणि या वेळी ते थांबणं असं होतं की ते नसतं तर गाणं तिथे खोटं पडलं असतं. काकांनी चष्मा काढून पुसला. चौथा टेक ठेवायचा, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही.

पाहुणी बाहेर आली ती व्हायोलिन पेटीत ठेवत, घाईत. तो माफी मागायला पुढे झाला. “मॅडम, मघाशी ते बटण...”

“कसलं बटण?” तिने मोकळेपणी विचारलं. “दोनदाच वाजवलं ना मी? म्हटलं नव्हतं, लवकर होईल.” मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ती थबकली, स्वतःचं घड्याळ बघितलं, आणि निरोप न घेताच गेली.

घरी ताई पलंगावर टेकून बसली होती. “दुपारी नुसती पडले होते,” ती म्हणाली, “तर असा डोळा लागला. आणि उठले ती दगड वाहिल्यासारखी दमलेली.” ती मनगट चोळत होती. ते तर ती रोजच चोळते, असं म्हणून तो हात धुवायला गेला, आणि गरजेपेक्षा बराच वेळ हात धूत राहिला.

रविवारी सकाळी ताई अल्बम ऐकायला स्टुडिओत आली. ती चांगली साडी नेसली होती. छापून आलेलं कव्हर तिने उलटसुलट करून पाहिलं, व्हायोलिनपुढच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं, आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर समोरच्या इमारतीची कोरी भिंत होती. ताई ओळखेल, तिसऱ्याच सुराला ओळखेल, आणि मग तिला काय सांगायचं ते त्याने रात्रभर घोकलं होतं. ते सगळं खोटं होतं आणि चांगलं रचलेलं होतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. ताईने डोळे मिटले. तिच्या पायाचा अंगठा दोनदा जमिनीला टेकला. तिसऱ्या ओळीपाशी तिने श्वास धरला आणि सूर आला तसा सोडला. गाणं संपलं.

“बरं वाजलंय,” ताई म्हणाली. “चौथ्या वेळचं घेतलंत ना?”

त्याने काकांकडे बघितलं. काका कव्हरवरची बारीक अक्षरं वाचत होते, म्हणजे वाचत असल्यासारखं करत होते.

“ताई, तू... अकरा वेळा वाजवलंस.”

“ते आधीचं. ते तर काही खरं नव्हतं.” ती हसली. तिच्या हसण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर त्याला तिच्या पायांशी बसता आलं असतं. “चौथ्या वेळी मी ठरवलंच होतं, रडका सूर लावायचा नाही. लागला का रे?”

“नाही,” तो म्हणाला. “नाही लागला.”

“काका, ते बटण मात्र दुरुस्त करून घ्या हो. आत सगळं ऐकू येतं.”

मग ती उठली. भिंतीचा आधार न घेता, सावकाश, काचेचं दार ढकलून ती आतल्या खोलीत गेली आणि स्टुलावर बसली. व्हायोलिन आणलेलं नव्हतं. ते घरी पेटीत होतं. तिने पदर सारखा केला, हेडफोन कानांवर बसवला, रिकामा डावा खांदा किंचित वर उचलला आणि काचेकडे, त्याच्याकडे, बघितलं.

“अजून एकदा वाजवू का?”

उत्तर द्यायला त्याने बटणाकडे हात नेला. ते दाबलेलंच होतं. लाल दिवा लागलेला होता, किती वेळ कोण जाणे. आता त्याला फक्त बोलायचं होतं.