माझ्यापायी पडलेली थप्पड

सन दोन हजार एकोणीस, जानेवारीचा दुसरा आठवडा, कडाक्याची थंडी. मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटवणं हे माझं काम. त्यात मी कुणाला हार जात नाही.

कारखान्यात मला भट्टीत भाजून काढलं. पहिल्या मालकाने दोन वर्षं राबवलं आणि विकून टाकलं. एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या फळीवर मी धूळ खात पडलो.

तिथे लेथवर काम करणारा एक आडदांड गडी धाकट्या बहिणीला घेऊन कॉम्प्युटर विकत घ्यायला आला. तिला आठ दिवसांत एका कंपनीला पंपाचं चित्र करून दाखवायचं होतं. पसंत पडलं तर नोकरी. गाठीला पैसे बेताचे.

"काका, कार्ड लागेलच का?" तिने विचारलं.

"पत्रं लिहायला नाही लागत. प्रोसेसर भागवतो. पण पंप गरागरा फिरवून बघायचाय ना, पोरी? मग घे. जुनं आहे, पण दणकट आहे."

"गळ्यात मारताय होय?" दादा गुरकावला. शेवटी पैसे वाचवायला डिस्क लहान घेतली आणि मला घेतलं.

घरी त्याने वायरींना कुणाला हात लावू दिला नाही. "लेथ चालवतो मी. मला काय शिकवतेस?" पडद्याची वायर लावायला कॉम्प्युटरच्या पेटीमागे दोन जागा होत्या. वरची मुख्य बोर्डाची, खालची माझी. त्याने वरची धरली. पडदा उजळला, पण चित्र काढत होता तो प्रोसेसर. मी आत नुसता पंखा फिरवत बसलो.

मला घ्या, नाहीतर घेऊ नका. पण घेतलंत तर वायर माझ्यात लावा, एवढंच मागणं आहे.

चौथ्या दिवशी पंप फिरवताना चित्र थिजलं. दिवसभराचं काम गेलं. बहीण रडायला लागली. दादाने पेटीला अशी लाथ घातली की पत्रा आत गेला आणि माझ्या पंख्याचं पातं तुटलं. तशीच पेटी उचलून तो दुकानात घुसला. बहीण मागे धावली.

म्हातारा "काय झालं" म्हणेपर्यंत थप्पड बसली. चष्मा उडाला, ओठ फुटला. चार गिऱ्हाइकं बघत राहिली.

"भंगार विकतोस? बहिणीची नोकरी घालवतोस?"

दुकानदाराने रक्त पुसलं. "वायर कुठे लावली होतीस?"

दादाने वरच्या जागेवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने दुकानातल्या पडद्याची वायर माझ्यात खुपसली. मी तुटक्या पात्यानिशी पंप फिरवून दाखवला.

तिला नोकरी लागली. पण दादाशी ती बोलेना. मग पंखा बदलायचं निमित्त काढून तो पेटी घेऊन दुकानात गेला. पंखा बसवून झाला तरी दादा जागचा हलेना. चार गिऱ्हाइकं जमल्यावर पुढे झाला.

"काका, चारचौघांत मारली होती. चारचौघांत मारा."

"जा रे. कामाच्या वेळी डोकं खाऊ नकोस."

"मारल्याशिवाय जाणार नाही."

म्हाताऱ्याने चष्मा काढून माझ्या पेटीवर ठेवला. पाचही बोटं दादाच्या गालावर उठली.

"फिटलं," म्हातारा म्हणाला.