सावडीचा राहिलेला दिवस

सत्यमनं दूध सोडलं त्याला दोन वर्षं झाली. शेजारच्या गुणाबाईच्या म्हशीचं रेडकू मेलं, म्हैस पान्हा सोडंना. मग गुणाबाईनं रेडकाच्या कातड्यात भुसा भरून घेतला आणि ते म्हशीपुढं धरायला ह्यालाच बोलावलं. म्हैस ते चाटत राहिली, दूध देत राहिली. त्या दिवसापासून ह्याच्या घशाखाली दुधाचा चहासुद्धा उतरला नाही.

नांदेडला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून, व्हिडिओ बघून इंग्रजी शिकून, त्यानं पोर्तुगालातलं एक शेत हुडकलं. तिथं जनावर पाळत नाहीत, दूध-अंडं खात नाहीत, शेणसुद्धा वापरत नाहीत. महिनाभर राबायचं, बदल्यात त्यांनी ठेवून घ्यायचं, खाऊ घालायचं. मालकीण मार्ता. तिला सगळं पसंत पडलं, एकच मागणं राहिलं. ज्याच्या शेतात राबलास त्याचे दोन शब्द पाठव, घरचा माणूस नको. रविवार संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर जागा दुसऱ्याला.

आता दुसऱ्याच्या रानात हा राबला कधी? शुक्रवारी तो रेणापूरजवळच्या आपल्या गावी आला आणि आईला, साखराबाईला, सगळं इस्कटून सांगितलं.

"मग ही सावडच की," ती म्हणाली. "तू माझ्यात ये, मी तुझ्यात येते. त्याला इमानात बसून कशाला जायचं? गुणाची सावड अजून फिटली न्हाई तुझी."

खरं होतं. दिवाळीआधी गुणाबाईनं दोन दिवस ह्यांचं सोयाबीन काढलं होतं. ते दोन दिवस सत्यमनं फेडायचे, तर हा नांदेडला पसार.

शनिवारी सकाळी तो तिच्या रानात उभा राहिला.

"आलास?" गुणाबाई म्हणाली. "मला वाटलं आता इमानातूनच हात करतोस."

काम निघालं शेणखताचं. पाट्या भरायच्या, रानात पांगवायच्या. पहिली पाटी डोक्यावर घेतली आणि सत्यमला मार्ताचं शेत आठवलं. बिनशेणाच्या शेतावर जायला शेण वाहायलोय. बरोबर का चूक, त्याचं त्यालाच कळंना.

दुपारी भाकरी, ठेचा आणि तांब्याभर ताक आलं.

"ताक नको काकू."

"म्हशीचं शेण चालतं अन् ताक न्हाई?"

सत्यमनं तोंड उघडलं, आणि भाकरीच घातली.

संध्याकाळी, मार्तासाठी दोन शब्द बोला म्हणून त्यानं मोबाईल पुढं धरला. गुणाबाईनं पदर सारखा केला. "पोरगं बरंय. शेणाची पाटी सांडत न्हाई. मधीच उभं राहून इचार करतंय तेवढं वाईट. दोन दिवस देणं होतं, एक झाला. एक हाय अजून."

हे इंग्रजीत लिहिताना शेण गाळावं असं त्याच्या दहादा मनात आलं. गाळलं तर जागा पक्की. पण मग दिवसभर केलं काय? त्यानं सगळं लिहिलं, राहिलेल्या दिवसासकट, आणि पाठवून दिलं.

रविवारी सकाळी मार्ताचं उत्तर आलं. ते घेऊन तो तडक गुणाबाईच्या रानात गेला.

"काय म्हणली बाई?"

"म्हणली, शेणाचं वाचलं. आमच्यात ते चालत न्हाई. पण राहिलेला दिवस तसाच ठेवून येऊ नको. आधी तो पुरा कर. मग त्या काकू तुला परत बोलावतील का ते त्यांनाच इचार, अन् संध्याकाळी मला कळव."

"म्हंजे हाव का न्हाई?"

सत्यमनं परत वाचलं. एकदा हाव वाटलं, एकदा न्हाई वाटलं.

"कळंना काकू. तुमी बोलावताल का मला परत?"

"ते आता कसं सांगू? दिवस मावळल्यावर इचार." तिनं खोरं हातात घेतलं. "धर पाटी."

त्यानं मोबाईल बांधावरच्या दगडावर ठेवला, ऊन लागू नये म्हणून वर टॉवेल टाकला, आणि पाटी धरली.