चतुराबाईचा ओटा

"हात ढिला सोड, बाई. असा ताणून धरलास तर दुखंल," जाहेदा म्हणाली आणि नवरीच्या अंगठ्याखालचं हाड दाबून तिनं हिरवी बांगडी अलगद वर सरकवली.

नवरीचं नाव संस्कृती. नारायणगडाच्या जत्रेत तिनं जाहेदाच्या गाड्यावर बांगड्या घेतल्या होत्या, आणि माझ्या लग्नात तुम्हीच भरायला यायचं असं म्हणून फोन नंबरही घेतला होता. जाहेदानं ते मनावर घेतलं नव्हतं. जत्रेत पोरी असं पुष्कळ बोलतात. पण परवा खरंच फोन आला. सकाळी नवऱ्यानं तिला बीडच्या स्टँडवर सोडलं, आणि बांगड्यांच्या दोन पिशव्या मांडीवर सांभाळत ती पाटोद्याला आली.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. नवरीचं झाल्यावर तिची आई बसली, मग आत्या, मग शेजारणी. जाहेदा एकेकीचा हात हातात घेऊन माप सांगत होती, एखादीच्या जाड हातावरून तिला हसवत होती. सगळ्यांचं झालं तेव्हा संस्कृतीनं भिंतीकडे पाहिलं.

"आता आज्जीला भरा," ती म्हणाली.

भिंतीशी टेकून एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. बोलणं एकदम थांबलं. नवरीच्या आईला चहाची आठवण झाली आणि ती आत गेली. म्हातारी मान वर न करता म्हणाली की तिला काही नको. संस्कृती ऐकेना. आता हे कोण मानतं, तिच्या मैत्रिणीची आजी घालते, असं ती सांगत राहिली. तेवढ्यात तिचा बाप, रविराज, दारात येऊन उभा राहिला. त्यानंही आईला सांगितलं की पोरीची हौस आहे, दोन-दोन तरी घाल.

जाहेदा पिशवी घेऊन सरकत म्हातारीपाशी गेली. सवयीनं तिनं हात हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून पाहिलं आणि माप सांगायला तोंड उघडलं.

"आमी बीडलाच ऱ्हायचो आधी," रविराज वरून म्हणाला. "मी रांगत होतो तवा. वडील गेले मग हिकडं आलो. तितं बांगड्या भरायला ख्वाजाभाई म्हणून मणियार होते. आई अजून नाव काढती त्यांचं."

जाहेदाच्या हातातून तो हात सुटला. ख्वाजाभाई म्हणजे तिचे अब्बा. तिनं ते सांगितलं नाही. म्हातारीच्या तोंडाकडे पाहायचीही तिची हिंमत झाली नाही.

जाहेदा लहान होती त्या काळी बीडला बिंदुसरा नदीकडे उतरणाऱ्या त्यांच्या गल्लीत मोटारी येत नसत. शाळा सुटली की रस्ता पोरांचा. उतारावर गोट्या, विटी-दांडूवरून मारामाऱ्या. दुसऱ्या टोकाला पोरींची ठिकरी. पण पोरींचा जीव खरा काचापाण्यात. बांगड्यांचे तुकडे जमवायचे, खडूनं गोल काढून आत उधळायचे आणि एकेक तुकडा नखानं असा बाहेर ओढायचा की शेजारचा हलता कामा नये. हलला की डाव गेला. ओढला तो आपला. जाहेदा बांगडीवाल्याची पोरगी, तिला काचांची कमी नव्हती. पण दुकानातले तुकडे साधे, सगळ्यांकडे असतात तसले.

खेळायला सपाट जागा लागे. गल्लीत गुळगुळीत शहाबादी फरशीचा ओटा एकच होता, चतुराबाईचा. बाकीच्या बायका दारातून पोरींना हाकलायच्या. चतुराबाई विशीतली, लग्न होऊन आलेली. लेकराला काखेत घेऊन ती स्वतःच खेळायला बसायची. हरायला लागली की हळूच फुंकर मारून काच हलवायची आणि वाऱ्यानं हलली म्हणायची. पोरी तिला वैनी म्हणत. अंधार पडून घराघरांतून हाका येईपर्यंत त्या ओट्यावरून कुणी उठत नसे.

पंचमीला अब्बांनी चतुराबाईला जांभळ्या बांगड्या भरल्या. आत सोनेरी वर्ख. तसल्या काचा गल्लीत कुणाकडेच नव्हत्या. जाहेदा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "वैनी, ह्या फुटल्या की मला द्या."

अब्बांनी तिच्या पाठीत चापट मारली. मणियाराच्या घरात फुटल्या म्हणत नाहीत, वाढल्या म्हणतात. चतुराबाई मात्र हसली. लेकरू आहे, असू द्या, म्हणाली.

त्या दिवसापासून जाहेदा रोज वैनीच्या हातांकडे पाहायची. एखादी तरी तडकली आहे का.

दिवाळीच्या आधीच चतुराबाईचा नवरा गेला. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा तो. काम करताना शॉक बसला. जाहेदा गर्दीत बायकांच्या पायांमधून पुढे घुसली तेव्हा चतुराबाईला ओट्याच्या पायरीवर बसवलं होतं. एका म्हातारीनं तिचे दोन्ही हात धरून दगडावर आपटले. नऊ वर्षांच्या जाहेदाला काहीच कळलं नाही, असं नव्हतं. बायका रडत होत्या ते कळत होतं. तरीही तिरडी उचलून माणसं पांगेपर्यंत ती खांबामागे थांबली, आणि मग तिनं पायरीवरचा एक ना एक तुकडा फ्रॉकच्या ओच्यात वेचून घेतला. वेचून झाल्यावर तिनं वर पाहिलं. दाराच्या आत, अंधारात चतुराबाई बसली होती आणि तिच्याकडेच पाहत होती.

पुढचे काही दिवस जांभळ्या काचांच्या जोरावर जाहेदा गल्लीची राणी होती. मग तिची मैत्रीण मोहिनी घरी बोलली, आणि मोहिनीची आजी चंद्रभागाबाई भर रस्त्यात आली. कुणाच्या काचा घेऊन खेळता, असं ती ओरडली आणि तिनं सगळ्या काचा गटारात लोटल्या. मोहिनी घाबरून म्हणाली, "हिनंच मागितल्या हुत्या. त्येंचा नवरा जित्ता हुता तवाच."

मागितल्या म्हणून मिळाल्या, असं जाहेदाच्या मनानं घेतलं. कुणाला सांगण्यासारखंही ते नव्हतं. पोरींनी खेळाची जागा बदलली, त्या पाण्याच्या टाकीपाशी खेळायला लागल्या. दुकानात जायचं तर जाहेदा चतुराबाईचं दार टाळून मागच्या बोळानं जायची. वर्षाच्या आत चतुराबाई लेकराला घेऊन माहेरी गेली. ती गेली त्या दिवशी जाहेदाला हायसं वाटलं होतं, आणि पुढे त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटत राहिली.

ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, अब्बांचं दुकान तिच्याकडे आलं. हजारो हातांत तिनं बांगड्या भरल्या. दिवसभरात वाढलेल्या काचा ती स्वतः झाडायची आणि लांब नेऊन टाकायची. गल्लीतल्या पोरी मागायला आल्या तर देत नसे. तिची लेक शाईस्ता लहानपणी काचापाणी खेळायचा हट्ट धरून रडली होती. जाहेदानं तिला मारलं होतं. का मारलं ते शाईस्ताला आजही ठाऊक नाही.

"मला सवय न्हाई आता बांगड्यांची," म्हातारी नातीला सांगत होती. "हात जड हुतील. तुझं बघ तू." तिच्या आवाजात राग नव्हता. संस्कृती तोंड पाडून उठली. मागच्या अंगणात जेवणाची पानं मांडली होती, तिकडे सगळे गेले. जाहेदा घाईघाईनं उरलेल्या बांगड्या दोरीत ओवू लागली. दुपारची बस धरायची आणि निघायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"ख्वाजाभाईची लेक ना तू?" मागून चतुराबाईनं विचारलं.

जाहेदाची बोटं थांबली.

"हात धरलास तवाच कळलं. तेंची बी हीच रीत. आंगठ्याखाली दाबायचे." शेंगा फोडणं चालूच होतं. "हायेत का ते?"

अब्बा जाऊन पुष्कळ वर्षं झाली, जाहेदानं सांगितलं. मग चतुराबाई गल्लीतल्या एकेकाची चौकशी करू लागली. कुणाचं घर पाडून तिथं दवाखाना झाला, कोण पुण्याला गेलं. मोहिनीचं काय झालं, हेही तिनं विचारलं. जाहेदा उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तरानंतर आता ते येणार, आता येणार म्हणून वाट पाहत होती. शेवटी तिलाच राहवेना.

"वैनी," ती म्हणाली, "त्या काचा मी..."

"कसल्या काचा?"

जाहेदानं दगडाच्या पायरीचं नाव घेतलं आणि पुढे तिला बोलवेना.

"हां," चतुराबाई म्हणाली. "येचत हुतीस ते बघितलं मी. बरं वाटलं हुतं बघ तवा. म्हणलं, चला, ही लेकरं तरी येत्याल." तिनं फोडलेल्या शेंगेतले दाणे ताटात टाकले. "न्हाई आलात तुमी."

बाहेर कुणीतरी वाढप्याला हाक मारत होतं.

"मालक गेले, ते देवानं नेले. तेला कुणाचा इलाज न्हाई," चतुराबाई पुढे म्हणाली. "बाया यायच्या बंद झाल्या, ते बी समजलं. बायांचं तसंच आसतंय. पर तुमी पोरी का म्हून गेलात, ते मला कधी कळलं न्हाई. मी रोज संध्याकाळी ओटा धुऊन ठिवायची. रविराजला घिऊन दारात बसायची. तुमचा गलका टाकीकडून यायचा. लई आयकू यायचा."

जाहेदानं इतकी वर्षं वाहिलेलं ओझं भलत्याच गोष्टीचं होतं. तिच्या मागण्यानं कुणी मेलं नव्हतं, हे तिला मोठेपणी समजत होतंच; पण ती मागच्या बोळानं जायची तेव्हा कुणीतरी दारात बसून होतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि हे तर तिनंच केलं होतं. रोज, पायानं चालून, जाणूनबुजून.

"भ्याले हुते मी," ती म्हणाली.

"मला?"

जाहेदानं होकारार्थी मान हलवली. चतुराबाई भ्यायला काय झालं होतं असं म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. शेंगांचं सूप तिनं दोघींच्या मध्ये सरकवलं.

जाहेदा शेंगा फोडायला लागली. संस्कृती तिला जेवायला बोलवायला आली आणि दोघींना असं बसलेलं पाहून त्यांची ताटं तिथंच घेऊन आली. जेवताना चतुराबाईनं अब्बांच्या दुकानातल्या काचेच्या कपाटाची आठवण काढली, आणि गुडघेदुखीवर कपिलधारच्या कुणा वैद्यानं दिलेल्या तेलाबद्दल बराच वेळ सांगितलं. जाहेदा हो-हो करत राहिली. परत येते, असं म्हणायचं तिच्या ओठांवर दोनदा आलं. तसलं बोलायला आपलं तोंड नाही असं वाटून ती दोन्ही वेळा गप्प बसली.

जेवणं झाल्यावर घर सुस्तावलं. पाहुण्या बायका मिळेल तिथं आडव्या झाल्या. पंख्याखाली चतुराबाईचे डोळे मिटायला लागले. बोलता बोलता तिची मान कलली आणि डोकं जाहेदाच्या खांद्यावर येऊन टेकलं. तिचं वजन असं नव्हतंच.

रविराज दारात आला आणि खुणेनंच म्हणाला की बीडची बस लागली आहे, गाडीवर स्टँडपर्यंत सोडतो. जाहेदानं त्याला हातानंच थांबवलं. तिचा एक पाय केव्हाचा बधिर झाला होता. तिनं तो तसाच राहू दिला. थोड्या वेळानं बसचा हॉर्न ऐकू आला, पुन्हा एकदा आला, आणि मग रस्त्यावर काहीच आवाज राहिला नाही. म्हातारी झोपेत संथ श्वास घेत होती. जाहेदा भिंतीला पाठ लावून, न हलता बसून राहिली.